स्लॅबवरचं ऊन

...आणि वर लाईट गेली की सोलारही बंद. आता बोला. डोक्यावर वैशाखाचं ऊन, स्लॅबवर सहा प्लेटा उताण्या पडून ते ऊन पितायत, आणि खाली मी, थांबलेल्या पंख्याकडे बघत वर्तमानपत्रानं वारा घेतोय. तुम्हाला सांगतो, दारात विहीर असून घसा कोरडा पडलेला माणूस बघायचा असेल तर गोरेगावला या, सेनगावहून जीप मिळते, चौकात उतरा आणि सोलारवाले गुरुजी कुठं राहतात म्हणून विचारा. कोणीही सांगेल. सांगताना हसेल. का हसतोय ते सांगणार नाही, ते मी सांगतो, पण जरा माझ्या पद्धतीनं सांगू द्या, कारण ह्या सगळ्याची तक्रार करावी की हात जोडावेत, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

तर लाईट गेली. मी कुलदीपला फोन लावला. कुलदीप म्हणजे हे सगळं बसवून देणारा गडी, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा, हिंगोलीत दुकान, जवळ दोन फोन आणि दोन्ही एकाच वेळी कानाला. म्हटलं, "अरे बाबा, ऊन आहे, प्लेटा आहेत, वायर आहे, मग पंखा का बंद?" तर म्हणतो, "सर, लाईन गेली ना." म्हटलं, "लाईन जाते म्हणूनच तर सोलार बसवलं." "न्हाई न्हाई सर, तसं न्हाई राहत. लाईन गेली म्हंजे कुठं तरी खांबावर मानूस चढलेला राहतो. त्याला वाटतं तार मेलेली हाय. आन् तुमच्या स्लॅबवरून वीज निघाली, तारेत शिरली, त्याच्यापर्यंत गेली, मंग? म्हून लाईन गेली का आपलं मशीन सोताहून गप बसतं. तुमी बॅटरी घेतली असती तर गोष्ट येगळी व्हती."

मी फोन ठेवला. चांगला चिडायला बसलो होतो, आणि चिडता येईना. म्हणजे बघा, भिंतीवर एक डबा लावलाय, प्रवासाच्या बॅगेएवढा, त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, आणि त्याला कळतं की बाहेर कुठंतरी, आपण कधी न पाहिलेला एक माणूस खांबावर चढला असेल, तर आपण गप्प बसावं. आपल्यात किती जणांना कळतं हो एवढं? माणूस खांबावर असताना खालून बोलत राहणारेच जास्त. मी घाम पुसला आणि बसून राहिलो. आणि सूर्य? सूर्याला काय, तो उगवतोच. खाली कोणाचा पंखा चालू, कोणाचा बंद, त्याचं त्याला काय.

आता हे सोलारचं खूळ माझं नाही बरं का. ते माझ्या लेकीचं. प्रियदर्शनी, पुण्याला नोकरी करते. तिची आई गेल्यापासून ती रोज फोन करते, आणि फोन कुठूनही सुरू झाला तरी "बाबा, मला काळजी वाटते" इथं येऊन थांबतो. आता ह्या वाक्याला उत्तर काय आहे? मी इतकी वर्षं मराठी शिकवतोय, मला तरी सापडलेलं नाही. "बाबा, तुम्ही एकटे, उन्हाळ्यात तिथं किती तापतं, कूलर लावत नाही, बिलाला भिता, मला काळजी वाटते." मी म्हटलं, बसव बाई. तुला बरं वाटेल ते बसव.

एक सोलार तसं आधीपासून होतंच घरावर. पाणी तापवायचं. ते हिच्या आजारपणात बसवलं होतं, हिला गार पाणी सोसत नव्हतं आणि चुलीपाशी वाकवत नव्हतं. आता तुम्हाला सांगतो, तुमच्याकडे ते काचेच्या नळ्यांचं यंत्र असेल तर एकदा सावकाश त्याच्याकडं बघा. आपण बघतच नाही. नळीच्या आत नळी, मधे काही नाही, हवासुद्धा काढून घेतलेली. आतल्या नळीवर काळा लेप. ऊन आत जातं, पाण्याला तापवतं, आणि ती ऊब बाहेर निघायला बघते तर मधे काहीच नाही, मग जाणार कशावरून? ओढ्यावरचा पूल काढून घेतल्यासारखं. आणि तापलेलं पाणी हलकं होतं, आपण होऊन वर टाकीत चढतं, गार पाणी जड, ते आपण होऊन खाली येतं. मोटार नाही, बटण नाही, चढ म्हणणारं कोणी नाही. दिवसभर नुसतं चढ-उतार, चढ-उतार, एका शब्दाचा आवाज नाही. पौषातल्या सकाळी नळ सोडला की वाफ. कालचं ऊन आज अंगावर घ्यायचं. पहिल्या दिवशी मी बादलीसमोर उभाच राहिलो होतो, ही आतून म्हणाली, "पाण्याची पूजा झाली असली तर अंघोळ करा."

आता टाकी भरून पाणी तापतं, अजूनही. मला लागते एक बादली. बाकीचं रात्रभर तसंच. टाकीला काय माहीत घरात माणसं किती? आणि सूर्याला काय, तो उगवतोच.

हां, तर प्लेटा. फाल्गुनात कुलदीप आला, दोन गडी, लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट, आणि स्लॅबवर नुसती खडखड. मी शाळेतून आल्यावर वर जाऊन उभा राहायचो. त्याला म्हटलं, "ह्याच्यात फिरतं काय?" "काई न्हाई सर." "जळतं काय?" "काई न्हाई." "मग वीज होते कशातून?" तर त्यानं खिशातून रुमाल काढून प्लेटेवर एक पुसटसा हात फिरवला आणि म्हणाला, "ही वाळू हाय सर. वाळूतून काढलेलं शिलिकॉन. ह्याच्यात बारीक बारीक इलेक्ट्रॉन बसलेले राहतात. उजेड आला का ते उठतात."

एवढंच. उजेड आला की ते उठतात.

मी म्हटलं, म्हणजे वर्गात साहेब आल्यासारखं? पोरं एकदम उभी राहतात तसं? तो म्हणाला, "बराबर. आन् उठल्यावर आपण त्याहिला एकाच दरवाज्यानं बाहेर जाऊ देतो. मंग जाता जाता कामं करून घेतो. पंखा फिरव, मोटार चालव." मला सांगा, ह्याच्यात हसण्यासारखं काही आहे का? मला तर अंगावर काटा आला. तिकडून निघालेलं ऊन, चहा उकळून ओतेपर्यंत इथं पोचतं, म्हणे आठेक मिनिटांत, वाटेत कुठं थांबत नाही, आणि माझ्या स्लॅबवर पडून वाळूतल्या कणाला म्हणतं, ऊठ. आणि तो उठतो. आपल्याला सकाळी उठायला किती लागतं ते आठवा जरा.

आणि त्याहून वर सांगू? घरात माझा एक पंखा आणि एक फ्रीज. दुपारी वीज होते पोतंभर, मला लागते मूठभर. मग बाकीची जाते कुठं? मी विचारलं. कुलदीप म्हणाला, "तारेतून भायेर जाते सर. जिथं जवळ कोनी वापरून राहिलं असंल, तिथं आधी." म्हणजे शेजारी. म्हणजे समोर सखुबाईच्या घरात मिक्सर गरगरतोय, त्यात माझ्या स्लॅबवरचं ऊन गरगरतंय. त्यांना पत्ता नाही. मला पत्ता नव्हता. मी दुपारी खिडकीत बसून तो मिक्सर ऐकत बसलो. खोबरं वाटत होत्या बहुतेक.

आता सखुबाई. समोरच राहतात, संतरामच्या मंडळी, संतरामचं चौकात चहाचं हॉटेल. सखुबाई म्हणजे आमच्या गल्लीची... काय म्हणावं, सरपंच निवडून येतो, सखुबाई निवडून येत नाहीत, त्या असतात. ज्या दिवशी प्लेटा बसल्या त्या दिवशी त्या रस्त्यात उभ्या राहून वर बघत होत्या, कमरेवर हात. मला वाटलं कौतुक करतील. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हंजे स्लॅब गेली म्हना की, गुरुजी."

मी म्हटलं, "गेली कुठं? आहे की."

"आमची गेली म्हनते मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि लक्षात आलं तेव्हा पट्ट्या सिमेंटमध्ये बसलेल्या होत्या.

हे तुम्हाला जरा सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत अख्ख्या उन्हाची स्लॅब एकच, आमची. बाकी कोणाचे पत्रे, कोणावर लिंबाची सावली, कोणाच्या अंगणात कोंबड्या. त्यामुळं होळी झाली की पुढं दोन महिने गल्लीचं सगळं वाळवण आमच्या स्लॅबवर. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, शेवया, आणि हळद शिजली की कोणाची चार टोपली हळदसुद्धा. जिना बाहेरून, त्यामुळं दार वाजवायचं काम नाही. उजाडायच्या आत बाया चढायच्या, गरम चिकाचं पातेलं दोघींनी धरलेलं, हातात सोऱ्या, आणि ही आधीच वर जाऊन कागद अंथरून बसलेली. मी खाली झोपेत. डोक्यावर पायांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, हसण्याचा, भांडणाचा, "अगं तुझी कुरडी हाय का घरटं," असला. मी दर वर्षी कुरकुर करायचो, झोप होत नाही म्हणून. दर वर्षी. आणि दुपारी मला वाटीभर चीक यायचा, दूध-साखर घालून, म्हणजे कुरकुर बंद.

ही गेली त्या वर्षी कोणी आलं नाही. आमच्याकडं तसं आहे, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वर्षभर वाळवण घालत नाहीत. बरोबरच आहे. चैत्र गेला, वैशाख गेला, वर काही वाजलं नाही. स्लॅबवर ऊन यायचं आणि कोरडंच परत जायचं. मला वाटलं, संपलं. आता जिच्यामुळं येत होत्या तीच नाही. मग रिकामी स्लॅब, लेकीला काळजी, म्हटलं बसवा प्लेटा.

आणि सखुबाई रस्त्यात उभ्या राहून म्हणतात, "मालनबाईचं वरीसश्राद्ध झालं. आता यंदा यावं म्हनत व्हतो आमी."

मी म्हटलं, "मला काय माहीत." त्या म्हणाल्या, "तुमी इचारलं न्हाई." आणि गेल्या. मी वर बघितलं. सहा प्लेटा, काळ्या, चकचकीत, दक्षिणेला तोंड करून, उन्हात अशा पसरलेल्या की पापडाला टेकायला जागा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी घरावर येतो म्हणालं होतं, आणि मी वर कुलदीपला बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सूर्य... सूर्याला काय, तो उगवतोच.

आता पुढचं ऐका. सकाळची शाळा सुरू झाली होती. एक दिवस मधल्या सुट्टीत लेकीचा फोन. तिच्या फोनमध्ये ते ॲप आहे, माझ्या स्लॅबवर किती वीज होतेय ते तिला पुण्यात दिसतं. मला घरात बसून दिसत नाही, तिला दिसतं. "बाबा, ढग आलेत का?" मी बाहेर बघितलं. आकाश असं कोरं की डोळे मिटावेत. म्हटलं, "नाही गं. कावळ्याचीसुद्धा सावली नाही." "मग वीज एकदम खाली आलीये. जवळजवळ काहीच नाही. बाबा, काहीतरी जळलंय. तुम्ही वर जाऊ नका, हात लावू नका, मी कुलदीपला सांगते. मला काळजी वाटते."

मी शाळा सुटल्यावर घरी पोचतो तर कुलदीप मोटरसायकलवरून उतरतोय, हेल्मेटमध्ये घामाघूम, एक फोन कानाला. भिंतीवरचा डबा उघडला, आकडे बघितले, ओठ चावला. "मशीन बराबर हाय सर. वायर बराबर हाय. वरूनच माल येऊन न्हाई राहिला." म्हटलं, "म्हणजे सूर्य?" तो माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला, बिचाऱ्याला वाटलं असेल ह्यांना ऊन लागलं. म्हणाला, "वरी जाऊन बघू."

वर गेलो. आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबलो, दोघंही.

प्लेटा नव्हत्या. म्हणजे होत्या, पण दिसत नव्हत्या. वरपासून खालपर्यंत कुरडया. पांढऱ्या, गोल, एकीला एक चिकटून, सहाच्या सहा प्लेटा भरून, आणि खालच्या ओळीला ज्वारीचे पापड. बाजूला काळी छत्री उघडून ठेवलेली, कावळ्यांसाठी. आणि टाकीच्या सावलीत सखुबाई, पाय लांब करून, सुपारी कातरत.

कुलदीपच्या हातातला फोन अजून चालू होता, तिकडून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. त्याला ऐकूच येत नव्हतं.

"काकू," म्हणाला, "हे सोलार हाय. बाज न्हाई."

"मंग? बाज कोन म्हनलं?" सखुबाई उठल्यासुद्धा नाहीत. "बाज कुजट राहती, झोळ पडतो. हे बेस हाय. काच हाय, उतार हाय, पानी खाली निथळून जातं, काळं हाय म्हून कावळा यायला भितो. आन् तापतं किती, हात लाव. सकाळी घातल्या, आता उलटायला झाल्या."

"ह्याच्यावर काई घालत न्हाईत."

"तूच सांगत व्हतास ना गुरुजीला, खाली आवाज येत व्हता, का हे ऊन धरून ठेवतं म्हून. आमाला बी ऊनच धरायचं हाय."

"कागद तरी अंथरायचा."

"कागदानं घाम सुटतो कुरडीला. काच सोच्छ धुतली, पुसली, आन् तेलाचा हात फिरवला. चिकटू न्हाई म्हून."

तेलाचा हात म्हटल्यावर कुलदीप खालीच बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं अर्धं प्यायलं, अर्धं डोक्यावर ओतलं आणि मला समजावायला लागला, सखुबाईंना नाही, मला, जणू कुरडया मी घातल्यात. "सर, एका प्लेटीवर सावली आली ना, का सगळी माळ ढिली पडते. एका बैलानं अंग टाकलं का गाडी थांबते, तसं. हे तर सगळेच बैल झाकून टाकले. आन् अर्धी झाकली, अर्धी उघडी असली का झाकलेली जागा तापते. जळते. ग्यारंटी देनार न्हाई कंपनी. काय लिहू मी? कुरडी?"

"लिही की," सखुबाई म्हणाल्या. "लाज हाय का?"

"उंच मांडव करून देतो," कुलदीप माझ्याकडंच बघत म्हणाला. "प्लेटा वरी, खाली मोकळी जागा. बसा म्हनावं खाली."

"सावलीत कुरडी वाळती व्हय रे? डोक्यानं शिकलास का हातानं?"

"मंग जिन्याला जाळीचा दरवाजा लावा सर. कुलूप लावा."

आता मला बोलायला पाहिजे होतं. दोघंही माझ्याकडं बघत होते. आणि मी काय करत होतो, तर कुरडया बघत होतो. तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत मी कुरडी ताटात बघितली होती, अशी कधी बघितली नव्हती. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, पिळायचा, आणि मग उन्हाच्या हवाली करायचा. ऊन त्यातलं पाणी काढून घेतं. काढून घेतं म्हणजे काय, त्या जागी स्वतः जाऊन बसतं. मग ती डब्यात भरायची. श्रावणात बाहेर झड लागलेली असते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कुलदीपच्या सगळ्या प्लेटा गप्प असतात, तेव्हा एक कुरडी काढून तेलात सोडायची. ती फुलते बघा, कशी एकदम हसल्यासारखी. ते काय असतं? ते वैशाखातलं ऊनच नाही का? कुलदीप म्हणतो बॅटरी घ्या, बॅटरी घ्या. अरे, गल्लीतल्या प्रत्येक फळीवर पत्र्याच्या डब्यात बॅटरी आहे, आपल्या आज्या-पणज्यांपासून आहे, फक्त तिच्यावर पंखा चालत नाही एवढंच.

हे मी मोठ्यानं बोललो नाही. मी म्हटलं, "कुलूप नको."

"मंग सर?"

मी सखुबाईंना विचारलं, "तुम्ही आलात ते मला कळलं कसं नाही?"

त्या सुपारीकडं बघत म्हणाल्या, "तुमी साळंत गेल्यावर आलो. उशीर झाला, चीक गार झाला जरा. पन काय करता. मालनबाई व्हत्या तवाची गोष्ट येगळी व्हती. आता घरात एकटं गडीमानूस. बायांनी कसं यावं, सांगा तुमीच."

बाई बरोबर बोलत होत्या.

कुरडया त्या दिवशी तशाच राहिल्या. ओल्या कुरडया उचलणार कोण? तिन्हीसांजेला सखुबाई आणि आणखी दोघी आल्या, मी मुद्दाम चौकात जाऊन बसलो तेव्हा, आणि सगळं काढून, शिकेकाई आणि गरम पाण्यानं काच घासून गेल्या. गरम पाणी कुठलं? आमच्याच टाकीतलं. पहिल्यांदा ती टाकी रिकामी झाली असेल, किती दिवसांत.

आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन. "बाबा, काय केलंत? आज वीज एवढी झालीये, बसवल्यापासून एवढी कधी झाली नव्हती." मी कुलदीपला विचारलं. तो म्हणाला, "धूळ गेली सर. मी तुमाला म्हनलं व्हतं, आठवड्याला धुवा." म्हटला होता खरा. माझे गुडघे ऐकत नाहीत, आणि एकट्यानं वर जाऊन काच पुसत बसायचं... राहिलं ते. तर तुम्हाला सांगतो, ज्या तेलाच्या हातानं प्लेटा झोपल्या त्याच हातानं त्या जाग्या झाल्या. वीज किती झाली विचाराल, तर पंखा, कूलर, फ्रीज, आणि वर सखुबाईंचा मिक्सर, आणि तरी उरली.

मग मी ठरवलं. कुलदीपला बोलावलं आणि म्हटलं, "खालच्या ओळीतल्या दोन प्लेटा माळेतून सोडव. चार चालू दे." त्याला वाटलं मी गंमत करतोय. "सर, दोन प्लेटा काहून सोडायच्या? चांगल्या हायेत." म्हटलं, "त्या कुरडयांना." त्यानं पकड काढली. मग तारा सोडवता सोडवता म्हणाला, "जिल्ह्यात एवढे सोलार बसवले सर. कोनी भांडून बसवले, कोनी वशिल्यानं बसवले. चांगली प्लेट उन्हात ठेवून तिला सुट्टी देनारे तुमीच." आणि जाताना, मी बघत नाही असं बघून, त्यानं त्या दोन प्लेटांचे कोपरे रबरानं मढवले. बायांच्या हाताला पत्रा लागू नये म्हणून. चार पावलं गेला आणि परत येऊन सखुबाईंच्या दाराशी थांबला, "काकू, बाकीच्या चारीला तेल न्हाई लावायचं. नुसतं पानी." आतून आवाज आला, "आन् तुला कुरड्या पाह्यजेत का न्हाई?" म्हणाला, "पाह्यजेत."

आता झालं सगळं छान. लेकीला पटवलं, वीज कमी दिसली तरी घाबरू नको म्हटलं, दोन प्लेटा समाजकार्यात आहेत. ती हसली. आई गेल्यानंतर फोनवर हसलेली मी... असो. बायका येतात, मी शाळेत जातो, त्या चढतात, मी परततो, त्या उतरलेल्या असतात, जिन्याच्या पायरीवर झाकलेली वाटी असते. सगळं बराबर.

आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली.

आता सांगा. मी घरात. सकाळी उठलो, चहा केला, कूलर लावला, आपल्या उन्हावर, आरामात, पाय पसरून. वाट बघतोय, वर पाय वाजतील. वाजेनात. ऊन वर आलं. वाजेनात. खिडकीतून बघतो तर सखुबाईंच्या दारात पातेलं झाकून ठेवलेलं आणि तीन बाया ओट्यावर बसलेल्या, माझ्या दाराकडं बघत. मी बाहेर आलो की त्या आत बघतात. मी आत आलो की त्या बाहेर बघतात. चीक गार होत चाललाय. तुम्हाला माहीत आहे का, चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही?

शेवटी संध्याकाळी संतराम आला. दारातच उभा राहिला, टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. "गुरुजी, राग मानू नका. घरची म्हनली, गुरुजीला म्हनावं सुट्टीत सकाळच्याला आपल्या हाटेलात येत जा. पेपर बी येतो. चहा बी हाय. बारापर्यंत बसा. मंग आमच्या बाया मोकळ्या व्हतात."

आणि मी गेलो. काय करणार? दुसऱ्या दिवशी उजाडायला दाराला कडी लावली, चौकात जाऊन बसलो. संतरामच्या हॉटेलावर पत्रे. पत्र्याखाली भट्टी. भट्टीशेजारी मी. पंखा आहे, पण तो लाईनवर, आणि लाईन आमच्याकडं कशी असते ते मी सुरुवातीलाच सांगितलं. जीपा येतात, जातात, लोक विचारतात, "गुरुजी, घरी सोलार असून इथं काहून तळून राहिले?" आता प्रत्येकाला काय सांगायचं? मी म्हणतो, पेपर वाचतोय. कालचा पेपर असतो. आणि वर बघावं तर सूर्य. सूर्याला काय, तो उगवतोच, माझ्या स्लॅबवरही आणि संतरामच्या पत्र्यावरही, त्याच्याकडं भेद नाही.

पण चौकातून आमची स्लॅब दिसते. लांबून, लिंबाच्या वरून. हिरवं लुगडं दिसतं, पिवळं दिसतं, कोणीतरी उभं राहून पदर झटकतं. आवाज येत नाही एवढ्या लांब. पण मला माहीत आहे ना, वरून काय काय आवाज येत असतील आणि खालच्या खोलीत ते कसे ऐकू येत असतील.

परवा लेकीचा फोन तिथंच आला, भट्टीशेजारी. "बाबा, ॲपमध्ये दिसतंय, सगळी वीज बाहेर जातेय. घरात कूलर नाही, पंखा नाही, फ्रीज सोडला तर काहीच चालू नाही. तुम्ही घरी नाही का?"

म्हटलं, "नाही."

"एवढ्या उन्हात? बाबा, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे गं," म्हटलं. "घर कसं भरलंय. फक्त मला आत जाता येत नाही, एवढंच."